कुरराची ओळख

शब्दाचा अर्थ सांगणें निराळें आणि ती वस्तु डोळ्यांपुढें उभी करणें निराळें, हें प्रत्येक संस्कृत शिक्षकास ठाऊक असतें. काव्यांत एखादा अपरिचित पक्षी आला, कीं टीकाकार ‘पक्षिविशेषः’ एवढें लिहून पुढें जातात, आणि विद्यार्थीहि तेवढ्यावर संतुष्ट राहतात. कुरर हा अशांपैकींच एक. अमरसिंहानें कुरर व उत्क्रोश हे शब्द एकार्थी सांगितले. वामन शिवराम आपटे यांनीं १८९० च्या कोशांत कुरराचा इंग्रजी अर्थ ऑस्प्रे असा दिला. पण हा पक्षी आपल्याच गांवच्या तळ्यावर येत असेल, हें किती वाचकांच्या मनांत आलें असेल?

आमचें गांव भीमेच्या खोऱ्यांत, उजनीच्या जलाशयापासून फारसें दूर नाहीं. गांवाबाहेर दोन तळीं आहेत. त्यांतील मोठ्या तळ्यांत मत्स्यबीज सोडून मासे वाढवितात. गेल्या मार्गशीर्षांत नातवास बरोबर घेऊन आम्ही तिकडे फिरावयास गेलों, तों तळ्याचा राखणदार गोफणींत दगड भरून उभा. समोर पाण्यांतील वठलेल्या बाभळीवर एक मोठा पक्षी बसला होता.

“घार हाय, गुरुजी. रोज मासा नेती. मालकानं सांगितलंय, दिसली की हाण,” तो म्हणाला.

“बाबा, क्षणभर थांब. आधीं ती घार आहे का, तें तरी पाहूं,” आम्हीं म्हटलें.

नातवाच्या दुर्बिणींतून पाहिलें. घार सर्वांगीं तपकिरी आणि तिची शेपटी दुभंगलेली; ह्याचें पोट पांढरें स्वच्छ, शेपटी सरळ कापल्यासारखी. ब्राह्मणी घारीचें डोकें व छाती पांढरी खरी, पण पाठ व पंख विटकरी. ह्याची पाठ गडद तपकिरी. शिवाय डोळ्यावरून मानेपर्यंत काजळाची रेघ ओढावी तसा काळपट पट्टा. इतक्यांत तो उडाला, पाण्यावर पंख फडफडवीत एका जागीं थबकला आणि पाय पुढें करून धाडकन् पाण्यांत शिरला. वर आला तेव्हां पायांत मासा होता, आणि त्याचें तोंड उडण्याच्या दिशेस होतें. घार पाण्यावरचें वरचेवर उचलते. अशी बुडी ती मारीत नाहीं.

“आजोबा, तुमचा कुरर तो हाच का?” नातवानें विचारलें. हाच, असें आम्हीं निःशंकपणें सांगितलें.

निसर्गानें ह्याची घडण मासेमारीसाठींच केली आहे. त्याच्या पायाचें बाहेरचें बोट मागें वळतें, त्यामुळें दोन बोटें पुढें व दोन मागें अशी पकड होते. तळव्यांवर बारीक कांटे असल्यानें निसरडा मासा सुटत नाहीं. पाणी शिरूं नये म्हणून नाकपुड्या मिटतात. थंडींत तो उत्तरेकडून आपल्याकडे येतो आणि उन्हाळा लागतांच परत जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत त्याचें नांव असून त्यास मारणें हा गुन्हा आहे.

हें ऐकून राखणदारानें गोफण खालीं घेतली; पण म्हणाला, “कायदा खरा, गुरुजी, पण मालक मला काढून टाकंल, त्याचं काय?”

ह्या प्रश्नास कोशांत उत्तर नव्हतें. आम्ही मालकाकडे गेलों. त्यांनीं लगेच हिशेब मांडला: दिवसास पावशेर धरला, तरी चार महिन्यांत तीस किलो मासा गेला! हिशेब चुकीचा नव्हता. आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं तो दोन्ही तळ्यांवर आणि जलाशयावरहि फिरतो, सगळा भार तुमच्यावर नाहीं. आणि दगड मारतांना कोणी पाहिलें, तर खटला त्या गरीबावर होईल. ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटीं म्हणाले, “तुमच्या शब्दाखातर यंदा दगड बंद. पुढच्या वर्षीचें पुढें पाहूं.”

फाल्गुनांत कुरर निघून गेला. राखणदार आपल्या जागीं आहे आणि आतां त्यास नांवानें ओळखतो. कार्तिकापासून आपापल्या गांवच्या तळ्याकडे वाचकांनीं अवश्य पाहावें. पोट, शेपटी आणि डोळ्यावरील पट्टा ह्या तीन खुणा पुरेशा आहेत. जेथें कोणी दगड उचलला असेल, तेथें हें नांव वेळेवर सांगणें हेंच त्या पक्ष्याचें संरक्षण होय.