आवरणं कुठं संपतं?

सोमवारपासून वाचनालयात एक नवा मुलगा येणार, तो ऑटिस्टिक आहे आणि त्याला काम मी शिकवायचंय, एवढंच मला सांगण्यात आलं. सांगणारे कार्यवाह घाईत होते. “ताई, तुम्ही समजूतदार आहात,” म्हणाले आणि स्कूटरला किक मारली. समजून नेमकं काय घ्यायचं, ते विचारायचं राहूनच गेलं.

ग्रंथपाल बाई अशा वेळी करणार काय? वाचायला बसले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधीच्या, १९९५ च्या कायद्यात सातच होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. ऑटिझम मोजायला ‘इसा’ नावाची भारतीय पट्टी आहे. ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम नाही, १५३ च्या वर गेली तर तीव्र. हे सगळं वहीत उतरवून घेतलं. सकाळी तो दारात उभा राहिला की मी काय बोलायचं, ते त्या चाळीस मुद्द्यांत कुठंच नव्हतं.

तो आला तो वेळेच्या आधी, सोबत जॉब कोच. ही व्यवसाय प्रशिक्षण केंद्रातली मुलगी पहिले काही आठवडे येऊन बसायची. माझ्याकडे न बघता त्यानं नाव सांगितलं आणि विचारलं, “माझी खुर्ची कुठली?” मला प्रश्न आवडला. नोकरीच्या पहिल्या दिवशी मलाही तोच पडला होता, फक्त विचारायचं धाडस नव्हतं.

माझ्या डोक्यात होतं की याच्याशी वाक्प्रचार वापरायचे नाहीत, शब्दशः बोलायचं. पण वाक्प्रचार त्याला छान कळतात. शिपाईकाका “डोकं खाऊ नकोस रे” म्हणाले तर तो हसतो. अडचण निघाली भलतीकडेच. “नाटकांचं कपाट आवरून ठेव,” असं सांगून मी दुपारी परत आले, तर तो जेवायलाही उठला नव्हता. पुस्तकं क्रमानं लागली होती, पुठ्ठे पुसून झाले होते, आता तो जुन्या चिठ्ठ्यांचा सुकलेला डिंक नखानं काढत होता. आवरणं कुठं संपतं, हे मी बोललेच नव्हते. आपल्याला ते कुठून कळतं, याचा मी बराच विचार केला. कपाटाकडे बघून, घड्याळाकडे बघून, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून आपण अंदाज बांधतो, आणि बांधतोय हे आपल्याला ठाऊकही नसतं.

मग कोचनं सांगितलं तसं लिहून द्यायला लागले. सुरुवात कुठून, काय झालं की काम झालं, मध्ये अडलं तर कुणाला विचारायचं. ‘८९१.४६२ चं कपाट. क्रम लावायचा. फाटकी पुस्तकं माझ्या टेबलावर. एक वाजता थांबायचं, राहिलं तरी चालेल.’ शेवटचं वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘राहिलं तरी चालेल’ असं मी कुणाला बोललेच नव्हते, लेखी तर सोडाच.

ट्यूबलाइटचा मामला त्यामानानं सोपा. त्याच्या टेबलावरची जुनी चोकची नळी होती. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते; बहुतेकांना ते जाणवत नाही, त्याला जाणवायचं, आणि चोकची घूंघूं वेगळीच. कायदा म्हणतो की अवाजवी भार पडत नसेल तर सोयीचे बदल करून द्यावेत. आम्ही नळी काढली आणि टेबल खिडकीशी सरकवलं. भार काही पडला नाही.

कानांवरच्या मफांनी मात्र गहजब झाला. वाचनालयासमोरच्या रस्त्यावर गणपतीत ढोलपथकं जातात, तेव्हा तो कारखान्यात कामगार घालतात तसले मफ लावतो. एक सभासद तक्रार घेऊन आले की तुमचा मुलगा ड्युटीवर गाणी ऐकतो. मी म्हटलं, तो ऐकत नाहीये, तेवढ्यासाठीच लावलेत. काकांनी तक्रार मागे घेतली नाही. नियमानं रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्या पथकाविरुद्ध तक्रार घेऊन आमच्याकडे आजवर कुणी आलेलं नाही.

दुसरी तक्रार, तो डोळ्यांत बघत नाही. मी त्यालाच विचारलं. “बघितलं की ऐकू कमी येतं,” म्हणाला. यावर मी काय बोलणार? काउंटरवर सभासदांना सांगते, तुमचं पुस्तक बरोबर मिळालं ना? मग झालं.

त्याच्याकडे ‘काहीतरी विलक्षण’ असेल, अशी सगळ्यांची खात्री. ‘रेनमॅन’ १९८८ चा, पण त्यातला तो मोजदाद करणारा डस्टिन हॉफमन अजून लोकांच्या डोक्यात बसलाय. कुणी त्याला अमुक तारखेचा वार विचारतं. त्याला येत नाही. तो ठीकठाक काम करणारा मुलगा आहे; बारकोड चिकटवताना संथ, नोंदी करताना नेटका, कविता त्याला कंटाळवाण्या वाटतात. एवढ्यावर नोकरी करायची मुभा आपण बाकी सगळ्यांना देतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि आम्ही एका सकाळी बालविभाग उचलून माडीवर नेला. तो आला, रिकामी जागा बघितली, मागच्या खोलीत जाऊन बसला आणि बोलेनासा झाला. माझी जीभ वळवळत होती. पण कोचनं बजावलं होतं की अशा वेळी शब्द कमी करा, एकेक प्रश्न म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं. दार ओढून घेतलं आणि काउंटर सांभाळलं. तासाभरानं तो बाहेर आला आणि माडीचा नकाशा मागितला. अर्थातच नकाशा नव्हता. काढायला घेतला.

कोचनं मला एका इंग्रज संशोधकाचं नाव दिलं, डेमियन मिल्टन. स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली मांडलं की न कळणं दोन्हीकडून असतं. त्याला आपण उमगत नाही, तसा आपल्यालाही तो उमगत नाही, पण दोष त्याच्या नावावर लिहिला जातो. २०२० साली एडिंबरोच्या संशोधकांनी चक्क कानगोष्टींसारखा खेळ घेतला. आठ-आठ जणांच्या साखळ्या. निव्वळ ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली; दोघांची सरमिसळ केली तिथं गळती झाली. मी खूश झाले. मग २०२५ चा मोठा अभ्यास हाती आला, त्यात सरमिसळ साखळ्याही तितक्याच चांगल्या निघाल्या. आता गळती नक्की कुठं होते, हे मला पुन्हा कळेनासं झालंय. दोन्हींत ऑटिस्टिक माणसं कमी पडलेली नाहीत, तेवढं धरून ठेवलंय.

सध्याचा पेच वेगळा आहे. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम दिन, म्हणून अध्यक्षांनी त्याचा सत्कार ठरवला. मी रीतीप्रमाणे कागदावर लिहून दिलं. किती वेळ चालेल, कोण कोण बोलेल, शाल कोण पांघरेल, खांद्याला हात लागेल का, टाळ्या वाजतील का. त्यानं सावकाश वाचलं आणि विचारलं, “मी काय केलंय?”

“नोकरी करतोस, म्हणून.”

“तुम्ही पण करता. तुमचा झाला का?”

नाही म्हणाला. अध्यक्षांना कळवलं, तर त्यांनी विचारलं, “घरच्यांनी सांगितलं का असं?” म्हटलं, नाही, त्यानंच. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पत्रिका छापून आल्यात, शाल-श्रीफळ आणून ठेवलंय, आणि त्याच्या आईंना मी एकदा फोन करून समजवावं, असा निरोप कार्यवाह दोनदा देऊन गेलेत. फोन मी केलेला नाही.