आग्रा रोडवर घर ओढताना

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातली दर्पण कॉलनी पहाटे साडेपाचला जागी नसते. स्कॉर्पिओमागे कॅराव्हॅन जोडून ती गल्लीतून बाहेर काढायची, तर हीच वेळ बरी. गाडी साडेचार मीटर लांब, मागचं घर जवळजवळ तेवढंच, आणि मध्ये जोडदांडा. वळणावर कॅराव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून काकांनी आधी पलीकडच्या कुंपणापर्यंत सरळ नेऊन मगच चाक फिरवलं. काकू खाली उतरून मागचा कोपरा सांभाळत होत्या. "अजून, अजून... बस!" एवढ्यावर गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

जायचं होतं नाशिकला. शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे, मालेगाव असा सगळा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३. आज त्याच्या तुकड्यांना वेगवेगळे आकडे मिळाले असले, तरी नाशिक-धुळ्याकडची माणसं त्याला आग्रा रोडच म्हणतात. अंतर साधारण नऊशे किलोमीटर.

काकांची उमेदीची वर्षं झाशीच्या डिझेल लोको शेडमध्ये गेली. डिझेल इंजिनाबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. पेट्रोल इंजिन कमी भारावर चालताना थ्रॉटलची झडप अर्धवट मिटून हवा अडवतं, आणि ती अडलेली हवा ओढण्यातच त्याची काही ताकद जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमीजास्त होतं ते फक्त इंधन. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं, आणि जास्त दाबामुळे त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. १८९७ साली आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनानं चाचणीत सव्वीस टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता दाखवली, तेव्हा वाफेची इंजिनं तिच्या निम्म्यालाही क्वचितच पोचत. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. ओढण्याच्या कामासाठी मात्र याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे: टर्बो डिझेलचा जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळतो. तीन टनांचं ओझं चढावर उभं राहिलं, तरी गाडी किंचाळत नाही, शांतपणे उचलते.

गाडी एकटी असताना हमरस्त्यावर लिटरला चौदाच्या आसपास देते. मागे घर लागल्यावर किती देईल, हे काकांना कागदावर मांडायचं होतं. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. आदल्या संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरलेली, पुढच्या पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. टँक टू टँक. पुण्याच्या ॲराई संस्थेच्या प्रमाणपत्रातला आकडा इथे उपयोगी पडत नाही. ती चाचणी बंद खोलीत रोलरवर होते, तिच्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो, आणि मागे काही जोडलेलं नसतं. गाड्यांची आपसात तुलना करायला ती उत्तम, पण प्रवासाचा खर्च तिच्यावरून काढता येत नाही.

ग्वाल्हेर सोडताना लष्कर उजवीकडे राहिलं. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, आणि तंबूंच्या त्या वस्तीचेच पुढे वाडे, बाजार, पेठा झाल्या. शहराला नाव छावणीचंच राहिलं. इथली मराठी घरं आली ती मुळात बैलगाड्यांवर संसार लादून.

शिवपुरीपर्यंत काकांनी काटा ताशी ८० वर धरला होता. माधव राष्ट्रीय उद्यानाजवळ (मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं) वेग आपोआप उतरला, पण जंगल संपताच पुन्हा ऐंशी. समोरून येणारा ट्रक शेजारून गेला की कॅराव्हॅन आधी किंचित ढकलली जाई, मग ओढली जाई. हे डोलणं वाढत गेलं तर मागचं घर पुढच्या गाडीलाच हलवू लागतं, आणि तेव्हा घाबरून ब्रेक दाबणं सगळ्यात वाईट. ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं. मूळ उपाय निघण्याआधीचा असतो. कॅराव्हॅनच्या एकूण वजनाचा पाच ते सात टक्के भार हुकावर यायला हवा, म्हणून जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवायचं, मागच्या टोकाला कधीच नाही. काकूंनी पिठाचे डबे मागच्या कपाटात लावले होते, ते काकांनी निघण्यापूर्वी आसाजवळ हलवले. त्यावरून घरात थोडा वादही झाला होता.

गुन्याला टाकी भरली. हिशेब आला लिटरला ८.९. पंपावरचा मुलगा कॅराव्हॅनभोवती फेरी मारून आला आणि त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, जो भारतात कुठल्याही गाडीबद्दल आधी विचारला जातो: "कितना देती है?" काकांनी खरा आकडा सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला.

वजन वाढलं म्हणून डिझेल जास्त लागलं, असं कुणालाही वाटेल. सपाट रस्त्यावर मात्र वजनाचा वाटा लहान असतो. टनभर जास्त वजनामुळे टायरांचा विरोध वाढतो तो साधारण बारा किलोच्या ओढीएवढा. खरा खाऊ आहे हवा. गाडीच्या टपावरून निसटलेली हवा मागच्या उंच, सपाट भिंतीवर आदळते, आणि कॅराव्हॅनच्या पाठीमागे भोवरे सोडून जाते. हा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ६५ वरून ८० वर गेलात तर वेग चतुर्थांशाहून कमी वाढतो, हवेचा विरोध मात्र दीडपट होतो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असला, की ७० नं जाणारी कॅराव्हॅन हवेच्या लेखी ९० नं जात असते. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीला मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ८० किलोमीटरची. या मर्यादा सुरक्षेसाठी आहेत, पण त्या पाळणाऱ्याची टाकीही उशिरा रिकामी होते.

गुन्यानंतर काकांनी काटा ६५ ते ७० मध्ये ठेवला. ट्रकही त्याच वेगानं जात होते, त्यामुळे ओव्हरटेक जवळजवळ बंदच झाले. ब्यावरा, पचोर, सारंगपूर, शाजापूर. माळव्याचा काळा पठारी मुलूख, हरभरा आणि गहू, आणि इतका संथ वेग की शेतातला माणूस नुसता दिसत नाही, त्याच्या हातात काय आहे तेही दिसतं. देवासला पुन्हा टाकी भरली: १०.६. फक्त पाय हलका केल्याचा हा फरक.

इंदूर वळणरस्त्यानं टाळलं. पुढे महू. १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे याच महूपर्यंत आले होते, आमच्या उलट्या दिशेनं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून ते ग्वाल्हेरकडे निघालेले, आणि महूजवळ त्यांना शिपायांकडून बंड होणार असल्याचं कळलं. त्यांचा 'माझा प्रवास' पुढे १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. या वाटेवरचं मराठीतलं पहिलं नाव त्यांचंच घ्यायला हवं.

महूनंतर पठार तुटतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या जवळपास. मधला गणेश घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी वर्षानुवर्षं बदनाम आहे, आणि तीव्र उतार टाळण्यासाठी आता तिथे नवा पर्यायी रस्ताही झाला आहे. तीन टनांची गाडी चारशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात पस्तीस लिटर पाणी उकळेल. थोडी हवा आणि टायर घेतात, बाकीची इंजिन आणि ब्रेकना पचवावी लागते. काकांनी वरूनच तिसरा गिअर टाकला, आणि ब्रेक दाबला तो सलग नाही, तर थोडा वेळ जोरात आणि मग पूर्ण सोडून, म्हणजे चकत्यांना निवायला वेळ मिळतो.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय या रस्त्यावर अजून दिसते. ती जीवघेणी तर आहेच, पण तिच्यात बचतही नाही. आजच्या डिझेल गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन पूर्ण बंद करतात, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल प्यावंच लागतं. ही गोष्ट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी शिकवली पाहिजे.

मुक्काम महेश्वरला झाला. अहिल्याबाईंच्या घाटावर संध्याकाळी चालून आलो, आणि रात्री काकूंनी कॅराव्हॅनच्या शेगडीवर पिठलं-भात केला.

खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधव्याकडे निघालं की सातपुडा चढायचा असतो, आणि इथे वजन आपला हिशेब मागतं. तीन टन तीनशे मीटर वर न्यायचे, तर नुसत्या उंचीसाठी पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जळतं. एकट्या गाडीचं काम अर्ध्या लिटरच्या आत भागलं असतं. चढावर काट्यानं तापमान थोडं वर दाखवलं, काकांनी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या. पळासनेरला महाराष्ट्र लागला, शिरपूरपुढे तापी, मग धुळे. धुळ्याच्या ढाब्यावर शेवभाजी मागवली आणि काकूंनी ग्वाल्हेरच्या मराठीत भाव विचारला. मालकानं विचारलं, "ताई, तुम्ही नेमक्या कुठल्या?"

चांदवडचा राहुड घाट चढून नाशिकला पोचल्यावर शेवटचा हिशेब झाला. सगळ्या वाटेची सरासरी लिटरला दहाच्या जरा खाली. एकट्या गाडीच्या तुलनेत सत्तावीस-अठ्ठावीस लिटर जास्त. डिझेल लिटरला नव्वदीच्या आसपास धरलं तर अडीच हजार रुपये, म्हणजे एका बऱ्या हॉटेलातल्या खोलीचं भाडं. कॅराव्हॅनची किंमत धरली, तर हॉटेल वाचवून ती कधीच वसूल होणार नाही, आणि पैशासाठी कुणी तिच्या वाटेला जाऊ नये. काकूंच्या गुडघ्यांना हॉटेलांचे जिने आणि रस्त्यावरची स्वच्छतागृहं झेपत नाहीत. स्वतःचा पलंग आणि स्वतःचं न्हाणीघर मागे असल्यामुळे कित्येक वर्षांनी त्या माहेरच्या गावाला रस्त्यानं आल्या.

अडचण उभी राहते ती मुक्कामी. कायद्यानं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी आणि नंबरप्लेट वेगळी असते. ते घेतलं तरी रात्री उभं करायला सपाट जागा, विजेची जोडणी, सांडपाणी सोडायची सोय आग्रा रोडवर सहजी मिळत नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या धोरणातली तळांची कल्पना धुळे-मालेगावच्या बाजूला प्रत्यक्षात उतरली, तर या वाटेवरच्या अनेक म्हाताऱ्या जोडप्यांचा प्रवास सुरू होईल. परतीसाठी काकांनी पाण्याची शंभर लिटरची टाकी रिकामी करून ठेवली आहे, म्हणजे शंभर किलो कमी. महेश्वरला भरता येते. टायरांतली हवा पहाटे, थंड असताना तपासायची. आणि ६५ च्या वर जायचं नाही.