काट्याचे निमित्त

“बाभळीच्या काट्याने कधी कोणी मरते का रे?” असे मी दादाला हसून विचारले होते. दादाच्या टाचेतला काटा केव्हाच निघाला. माझे ते वाक्य मात्र माझ्या मनात अजून रुतून बसले आहे.

गोष्ट गेल्या नवरात्रातली. शेतात जुनी वहाण फोडून काटा टाचेत शिरला. दादाने तो सुईने उकरला, मी वर हळद चेपली. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, हुडहुडी भरली. वहिनी म्हणाली, “वन्सं, दवाखान्यात न्यायचं का?” घरात शिकलेली मी! म्हटले, “रात्रभर पाहू.” पहाटे पाहिले, तर दादा बिछान्यावर उठून बसला होता. दोन शब्दांमध्ये त्याला श्वास घ्यावा लागत होता आणि तो मला आईच्या नावाने हाका मारीत होता.

इस्पितळात क्ष-किरणांचे चित्र काढले. दोन्ही फुफ्फुसे पांढरी! “जखम टाचेत, मग जंतू इथवर आले कसे?” मी विचारले. तरुण डॉक्टर म्हणाले, “जंतूंपेक्षा तिथे आपलीच फौज जास्त आहे, बाई.”

शास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपलेला. पण त्या दिवसांत इस्पितळाच्या बाकावर बसून मी जमेल तेवढे वाचले. १८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो, तर काट्याभोवती पेशींचा गराडा! पेशी शरीराचे रक्षण करतात, हे त्याने त्यावरून ओळखले. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पाहा, तिथेही निमित्त काट्याचेच!

आपल्या हाडांच्या मगजात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या त्यांच्या अंगापेक्षाही अरुंद. एरवी या पेशी अंग चोरून त्यांतून निघून जातात. पण सेप्सिसमध्ये धोक्याची हाक साऱ्या रक्तात पसरते. पेशी ताठर आणि चिकट होतात, आणि फुफ्फुसातच अडकतात. मग जंतूंसाठी राखलेले जहाल रस त्या तिथेच ओततात. स्वतःच्या केंद्रातले धागे बाहेर फेकून त्या जाळे टाकतात, हे तर २००४ साली उमगले. त्या जाळ्यात जंतू सापडतात, पण रक्तही गोठते आणि भिंतीही पोळतात. रक्त आणि हवा यांच्यामधली भिंत केसाहून कित्येक पटींनी पातळ. ती झिरपू लागली, की वायुकोशांत पाणी भरते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

“मग या पेशीच मारून टाका की!” मी रडवेली होऊन म्हटले. डॉक्टरांनी मान हलवली. त्या नसल्या तर जंतू मोकाट सुटतील. शिवाय ज्यांच्या रक्तात त्या फारशा उरलेल्याच नाहीत, अशांचीही फुफ्फुसे कधी कधी अशीच भरतात. म्हणजे सारा दोष त्यांचा नव्हे. जंतूंवर लवकर औषध द्यायचे, यंत्राने जपून श्वास द्यायचा आणि वाट पाहायची. “लवकर” हा शब्द त्यांनी सहज उच्चारला. मी मान खाली घातली.

दादा अकरा दिवस यंत्रावर होता. त्या अकरा दिवसांत मला त्या पेशींचा राग आला नाही. त्यांनीही त्याला वाचवायचेच म्हटले होते. मी तरी दुसरे काय म्हटले होते?

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो घरी आला. पाटावर बसतानाही त्याला धाप लागली. ओवाळून झाल्यावर त्याने विचारले, “काय घालू ग ओवाळणी?”

“एकच घाल,” मी म्हटले. “यापुढे मी ‘रात्रभर पाहू’ म्हटले, तर माझे मुळीच ऐकू नकोस.”

तो हसला. हसताना मध्येच थांबला, श्वास घेतला आणि पुन्हा हसला.