दोष बॅटरीचा नव्हता

अमेरिकेतील ओहायओ राज्यात मे महिना उजाडला की कापलेले गवत आठवड्याभरात पुन्हा कापायला येते. दीड एकराचे आवार ढकलत न्यायच्या यंत्राने कापणे दमवणारे. म्हणून अशा घरांतून बसून चालवायची गवतकापणी यंत्रे असतात. सांगलीहून मुलाकडे राहायला आलेल्या आप्पांना ते यंत्र प्रथम लहानसा ट्रॅक्टरच वाटले होते.

दर शनिवारी त्यावरून घरात एकच प्रसंग घडे. किल्ली फिरवली की 'टक्' असा आवाज येई आणि यंत्र गप्प राही. मग मुलगा मोटारीच्या बॅटरीला तारा जोडून ते सुरू करी. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. तिसरी आणायला तो निघाला, तेव्हा आप्पा म्हणाले, "अरे, आधी हिला काय होतंय ते तरी पाहू या."

"आप्पा, तुम्ही कशाला त्रास घेता?" मुलगा सवयीने म्हणाला.

आप्पांची ३१ वर्षे एस.टी.च्या आगारात विजेच्या कामात गेली होती. आई गेल्यानंतर मुलाने त्यांना आग्रहाने इकडे आणले. पण ते दिवसेंदिवस अबोल होत गेले. तपासण्यांत काही निघाले नाही. वयाने थकले असतील, असे समजून घरच्यांनी टॉनिक सुरू केले होते.

त्या दिवशी त्यांनी मल्टिमीटर मागितला. रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती; म्हणजे ती निरोगी होती. यंत्र मोकळ्या जागेत आणून, पात्याचा दांडा सोडवून, ब्रेक लावून इंजिन पूर्ण वेगाने चालवले. आता आकडा १४ च्या आसपास चढायला हवा होता. तो १२.४ वर आला आणि हळूहळू उतरू लागला. बॅटरी देत होती, तिला परत मिळत काहीच नव्हते.

फ्यूज शाबूत होता. टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली, तरी फरक पडेना. चक्राखालच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. तेथून येणाऱ्या दोन पिवळ्या तारा सोडवून मीटर प्रत्यावर्ती प्रवाहावर लावला, तर २८ व्होल्ट मिळाले. म्हणजे वीज तयार होत होती. वाटेत कोठेतरी अडत होती.

"मग रेग्युलेटर गेला. नवा मागवतो," मुलगा म्हणाला.

"थांब जरा. त्याला जमीन मिळते का, ते पाहू."

रेग्युलेटरचे धातूचे कवच इंजिनाला स्क्रूने जखडलेले असते आणि तोच त्याचा परतीचा मार्ग. इंजिन बंद करून आप्पांनी कवच आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील रोध मोजला. तो शून्याजवळ असायला हवा होता. काटा मात्र भलतीकडेच गेला. स्क्रू काढला, तर खाली गंजाचा जाड थर होता. पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, दातेरी वॉशर घालून स्क्रू घट्ट केला. इंजिन पुन्हा सुरू झाले आणि मीटरने १४.१ व्होल्ट दाखवले.

मुलगा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला. दोन निर्दोष बॅटऱ्या आपण टाकून दिल्या, हे त्याला उमगले होते. शेजारी उभ्या असलेल्या, काळ्या हातांच्या वडिलांकडे पाहताना आणखीही काही उमगले असावे. "आप्पा, मोटारीचा डावा दिवाही मधूनच विझतो. उद्या बघाल का?" त्याने विचारले.

"उद्या कशाला? ऊन आहे तोवर आत्ताच बघू," आप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी दुसरी भाकरी स्वतःहून मागून घेतली. टॉनिकची आठवण कोणी केली नाही.