न पडलेली रोपं

टोमॅटोचं रोप कोलमडतं ते जमिनीलगत. काल ताठ असलेलं सकाळी आडवं. देठ मातीला टेकतो तिथे पाणचट आणि दोऱ्यासारखा बारीक. हे काम बहुतेकदा पिथियमचं. वाफ्यात पाणी साचलं की त्याचे बीजाणू चक्क पोहत मुळापाशी येतात. पडलेलं रोप मग कशानेच उभं राहत नाही.

म्हणून स्युडोमोनास फ्लुरोसन्स पेरणीआधीच द्यायचा. किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम भुकटी, म्हणजे आपल्या 10 ग्रॅमच्या पाकिटाला जेमतेम चिमूट. हा जिवाणू मुळातून पाझरणाऱ्या साखरेवर जगतो. मातीतलं लोह पकडून ठेवणारी द्रव्यं सोडतो, त्यामुळे पिथियमला लोहाची टंचाई. ही द्रव्यं अतिनील प्रकाशात हिरवट चमकतात, जिवाणूचं नावही त्यावरूनच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं आधी पोचणं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं.

अण्णांना हे पटत नाही. "ना वास, ना जळजळ, हे कसलं औषध?" त्यांचा भरवसा कॉपरवर. पण जिवाणूसोबत कॉपर ओतलं तर आधी जिवाणूच मरायचे.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र बिनतोड आहे: रोपं पडलीच नाहीत, तर ती यानेच वाचली हे कशावरून?

म्हणून यंदा चारातला एक गादीवाफा जिवाणूविना ठेवलाय. संकरित बियाण्याचा भाव बघता हा प्रयोग स्वस्त नाही. अण्णा रोज सकाळी आधी त्याच वाफ्याकडे जातात.