नामदेवांचे तूप

कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. वर्गात ती सांगताना आमचाही कंठ दाटून येत असे. गेल्या पावसाळ्यात आमच्या चार किलो वजनाच्या, नऊ वर्षांच्या पॉमेरियनने अन्न टाकले, तेव्हा मात्र ती कथा आमच्यावरच उलटली. तुपाची वाटी हातात होती. पोळीकडे ढुंकून पाहणारे कोणी नव्हते.

आम्ही त्याला ‘नखरे’ हे नाव दिले आणि मोकळे झालो. दहीभात नको म्हणून तूपपोळी, ती नको म्हणून कांदा-लसणाच्या रश्श्यातले मटण, वर लाडाने चार मनुका. तो वास घेई, एक घास तोंडात धरी आणि खाली टाकी. आम्ही रागावत होतो.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलला. दातांवर पिवळा थर, हिरड्या सुजलेल्या, दोन दाढा हलणाऱ्या. लहान जबड्यात दातांची दाटी होते. म्हणून छोट्या जातींना हा विकार लवकर जडतो. त्याला भूक होती, चावणे सोसत नव्हते. मग आमच्या पाहुणचाराची झडती झाली. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नासवतात, मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि फार तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. एवढ्याशा प्राण्याला दिवसाला अडीचशे-तीनशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळीच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते.

दाढा काढल्यावर काही दिवस हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, मऊ भात आणि थोडा लाल भोपळा दिला. एवढ्यावर पोषण पुरे होत नाही. म्हणून पुढे कुत्र्यांसाठीचे संतुलित तयार अन्न कोमट पाण्यात भिजवून, थोडे थोडे, तीन वेळा. वाटी वीस मिनिटे ठेवायची आणि निमूट उचलायची. दर नकारामागे नवा पदार्थ आला की प्राणी त्याचीच वाट पाहू लागतो. मात्र दिवसभर पोटात काहीच गेले नाही, तर घरगुती प्रयोग थांबवून दवाखाना गाठायचा.

शब्दांमागचा अर्थ शोधणे हा आमचा व्यवसाय. टाकलेला घास तीन आठवडे डोळ्यांसमोर होता, आणि आम्ही तो वाचला नाही. कथेतले नामदेव कुत्र्याकडे पाहत धावले होते. आमचे लक्ष वाटीवर होते.

आता तो खातो. अजूनही पहिला घास तोंडात घेताना क्षणभर थांबतो. तेवढा वेळ आम्हीही थांबतो.