बसून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. खेळाच्या तासाला कडेला बसून राहणारं एखादं मूल तुमच्या वर्गात आहे का? असेल तर आधी ते डोळ्यांसमोर आणा आणि मग पुढचं वाचा. माझ्या वर्गातलं असं मूल मला नीट दिसायला आठ आठवडे लागले. तेही माझा स्वतःचा पाय मोडल्यावर.

गेल्या वर्षीची गोष्ट. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. सांगली जिल्ह्यातली आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलांना लेझीमचा पदन्यास दाखवत होते. पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती. मागे सरकताना उजवा पाय ओट्याच्या कडेवर पडला आणि आत वळला. 'कट्' असा बारीक आवाज आला. मुलं हसली, मीही हसले. उठायला गेले तर उठताच येईना.

घरी सासूबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला. "मुरगळलाय गं, चार दिवसांत बरा होईल." मलाही तेच ऐकायचं होतं, कारण रजा नको होती. दोन दिवस तशीच लंगडत शाळेत गेले. तिसऱ्या दिवशी पाऊल काळंनिळं पडलं, चप्पलही चढेना. एक्स-रे काढला तर करंगळीच्या मागचं लांब हाड बुडाशी मोडलेलं! सहा आठवडे प्लास्टर आणि पायावर अजिबात भार द्यायचा नाही. मैत्रिणींनो, पाय मुरगळल्यावर सूज असेल आणि चार पावलंही टाकता येत नसतील, तर चोळत बसू नका. एक्स-रे काढून घ्या. मी दोन दिवस उगाच घालवले.

आम्ही शाळेच्या मागेच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. त्यामुळे कॉटवर पडल्या पडल्या सगळी शाळा ऐकू यायची. घंटा, परिपाठ, पाढे, मधल्या सुट्टीतला गलका. चारही वर्ग एकटे गुरुजी सांभाळत होते. त्यांचा आवाज बसलेला मला इथून कळायचा आणि जीव कासावीस व्हायचा. पहिला आठवडा मी नुसता मोबाईल बघण्यात घालवला. भूक नाही, रात्री झोप नाही, सगळ्यांवर चिडचिड. लेक दुसरीत आहे. ती एकदा वही दाखवायला आली तर तिच्यावरही ओरडले. ती काही बोलली नाही, वही मिटून निघून गेली. त्या रात्री स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करताय ना?" मी म्हटलं, "प्लास्टरमध्ये कसला व्यायाम?" ते म्हणाले, "पाय बांधलाय, तुम्हाला नाही बांधलेलं." मग त्यांनी नीट सांगितलं. दर तासाला पायाची बोटं हलवायची, म्हणजे रक्त खेळतं राहतं. गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, दहा अंक मोजायचे, सोडायची. पाय सरळ उचलून धरायचा. झोपताना पाय उशांवर, छातीपेक्षा उंच, म्हणजे सूज उतरते. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच यायचं. आत खाज आली तरी पट्टी किंवा सुई घालायची नाही. (पट्टी मी आधीच घालून बसले होते, ते काही बोलले नाही!)

घरी आल्यावर लेकीला हाक मारली. जुन्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघींनी मिळून तक्ता केला. बोटं, मांडी, पाय उचलणे, पाण्याच्या बाटल्या घेऊन हातांचा व्यायाम, आणि रोज एक शैक्षणिक साहित्य. शाळा सुटल्यावर ती बाई व्हायची आणि मी विद्यार्थिनी. "बोटं किती वेळा हलवली? खरं सांग हं!" काम झालं असेल तर चांदणी, नाहीतर रिकामा चौकोन. तुम्हाला हसू येईल, पण पस्तिशीतली मी त्या चांदणीसाठी व्यायाम करायचे. रोज "लवकर बरं व्हायचंय" असं म्हणून उत्साह टिकत नव्हता, कारण 'बरं होणं' संध्याकाळपर्यंत कुठेच दिसत नाही. आजचा चौकोन मात्र दिसतो. बाटल्यांच्या झाकणांवर जोडाक्षरं लिहिली, गुरुजींच्या पहिलीसाठी शब्दपट्ट्या कापल्या. लेकीच्या हातून त्या शाळेत जायच्या. गुरुजींचं ओझं जरा तरी कमी झालं, या विचाराने झोप लागायला लागली.

आता त्या मुलाकडे येते. नाव सांगत नाही. माझ्या तिसरीतला मुलगा. जन्मापासून त्याचा एक पाय वाकडा. लहानपणी शस्त्रक्रिया झाली, तरी चालताना लचक राहिली. खेळाच्या तासाला मी त्याच्या हातात कागद आणि शिट्टी द्यायचे. "तू आमचा पंच." मला वाटायचं, किती छान सामावून घेतलं! समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणात हे उदाहरण मी अभिमानाने सांगितलंही होतं.

दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलं मला बघायला आली. कुणी पेरू आणला, कुणी प्लास्टरवर नाव लिहिलं. हा मात्र कोपऱ्यातल्या कुबड्यांकडे बघत होता. म्हणाला, "बाई, चालून दाखवा की." मी दोन पावलं टाकली. त्याने लगेच मान हलवली. "काखंवर भार नका देऊ, हाताला मुंग्या येतील. जोर हातावर द्या. कुबडीचं वरचं टोक काखंच्या जरा खाली पाहिजे. आणि पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी." मी थक्क झाले. नंतर डॉक्टरांनाही विचारलं, सगळं अगदी बरोबर. शस्त्रक्रियेनंतर कितीतरी महिने तो कुबड्यांवर होता. त्याला केवढं ठाऊक होतं, आणि वर्षभरात मी त्याला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

पण शहाणपण एवढ्यात येतं होय? चौथ्या आठवड्यात मला राहवेना. चाचणी जवळ आलेली, पालकांचे फोन येत होते. 'उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग' तशी मी कुबड्या घेऊन शाळेत निघाले. दारातच ओल्या फरशीवर कुबडी सरकली आणि सगळा भार दुखऱ्या पायावर आला. पुन्हा दवाखाना, पुन्हा एक्स-रे. सहाचे आठ आठवडे झाले. उत्साह आणि उतावीळपणा यांतला फरक मला तेव्हा कळला. आज ठरलेलं काम आज करायचं, हा उत्साह. उद्याचं काम आजच उरकायला जायचं, हा उतावीळपणा. आपण पालक-शिक्षक मुलांच्या बाबतीत दुसरंच जास्त करतो, नाही का?

आठव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. आतला पाय माझा वाटेचना. पोटरी बारीक, कातडी कोरडी, घोटा लाकडासारखा ताठ. फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम दिले. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा, बोटांनी गोट्या उचलायच्या आणि अंगठ्याने हवेत अक्षरं लिहायची. मी मनात म्हटलं, अक्षरं? हे तर आपलं रोजचंच काम! लिहायला बसले. 'ग' आणि 'म' कसेबसे झाले. 'अ'ला घाम फुटला. 'ळ'ची गाठ पडेना, 'क्ष' तर सोडूनच दिला. बाजूला बसलेली लेक म्हणाली, "आई, गोल पूर्ण नाही झाला. परत काढ." हेच वाक्य याच सुरात मी शेकडो मुलांना म्हटलेलं आहे. "सोपं तर आहे, बघ ना नीट!" अक्षर मला दिसत होतं, कळत होतं, फक्त पाय ऐकत नव्हता. पहिलीतल्या लेकराच्या बोटांचंही असंच होत असेल की! त्या दिवसापासून "सोपं आहे" हे दोन शब्द मी वर्गात वापरत नाही.

काठी घेऊन शाळेत गेले तेव्हा मुलांना गणित घातलं. एका पावलात २६ हाडं, मग दोन्ही पावलांत किती? ५२. संपूर्ण शरीरात २०६. म्हणजे आपल्या हाडांपैकी जवळपास चौथा हिस्सा पावलांतच! बराच वेळ मुलं आपापली पावलं चाचपत बसली होती.

मग खेळाचा तास आला. गुरुजींनी प्रेमाने मैदानाच्या कडेला खुर्ची ठेवली आणि माझ्या हातात कागद दिला. "बाई, तुम्ही गुण लिहा." शेजारच्या ओट्यावर तो मुलगा शिट्टी घेऊन बसला होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सगळे धावतायत, ओरडतायत, आणि आपण रेघा मारतोय. तेवढ्यात त्याने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला पण कंटाळा आला ना?"

काय उत्तर देणार? "हो रे, आला." मग विचारलं, "तुला काय खेळायला आवडेल?" तो म्हणाला, "मला नेम धरता येतो." इतकंच. मी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याने कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लगोरी मांडली. नियम मुलांनीच ठरवला. तो नेम धरणार आणि त्याच्या वाटचं पळायला एक गडी. पहिले तिन्ही नेम चुकले. गडी वैतागले, "बाई, याला नको!" त्याचा चेहरा पडला. मी मध्ये पडणार होते, पण थांबले. पुढच्या डावाला तो पुन्हा उभा राहिला आणि लगोरी फुटली. चमत्कार वगैरे काही नाही. आजही त्याचे नेम चुकतात, भांडणं होतात, तो रुसतो. पण तो खेळात आहे. शिट्टी आता आळीपाळीने सगळ्यांकडे जाते.

त्याच आठवड्यात परिपाठात आपल्याच जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट सांगितली. सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पूर्वी ही गोष्ट मी 'जिद्द' शिकवायला सांगायचे. यावेळी मुलांना विचारलं, "पायावर काम होईना, तेव्हा त्यांनी काय शोधलं?" माझा पंच सगळ्यात आधी म्हणाला, "दुसरं जमणारं."

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरात कुणी आजारी असेल, एखाद्या मुलाचा हात-पाय मोडला असेल, तर नुसतं "गप पडून राहा" म्हणू नका. विश्रांती जरूर द्या, डॉक्टरांनी नको म्हटलेलं बिलकूल करू देऊ नका. पण काय चालेल हेही त्यांनाच विचारा आणि त्यातलं एक छोटं काम रोज त्याच्या हाती द्या. आणि वर्गात कुणी कडेला बसलेलं असेल, तर त्याच्या शेजारी एक तास बसून बघा. पाय मोडायची वाट बघू नका.

माझा पाय आता बरा आहे. थंडीत जरा ठणकतो. 'क्ष' अजून नीट जमत नाही, सराव चालू आहे!